डोराच्या ऐवजी पोकोयो

दुसरी-तिसरीतल्या मुलांना स्पॅनिश शिकण्यासाठी 'डोरा' ही कार्टून मालिका दाखवावी का, या प्रश्नावर माझं मत: नको. मूळ डोरा बहुतांश इंग्रजीतच बोलते, मधूनमधून स्पॅनिश शब्द पेरते. गंमत म्हणजे स्पॅनिशमध्ये डब केलेली डोरा मुलांना इंग्रजी शिकवते!

त्यापेक्षा 'पोकोयो' लावा. मालिका मुळात स्पेनचीच, जेमतेम सात मिनिटांचा भाग. मागे नुसती पांढरी शुभ्र पार्श्वभूमी, समोर निळ्या कपड्यातला छोटा मुलगा पोकोयो, पिवळं बदक नाहीतर गुलाबी हत्तीण. निवेदक सावकाश बोलतो, पोकोयोला प्रश्न विचारतो, थांबतो. त्यामुळे ज्या वस्तूबद्दल बोलणं चाललंय तीच डोळ्यांसमोर असते आणि भाषांतराची गरजच पडत नाही. एकच भाग पुन्हा पुन्हा बघायचा हट्ट मुलं धरतातच, तो इथे खुशाल पुरवा.

पुढची पायरी 'पेप्पा पिग' ही कार्टून मालिका. पाच मिनिटांत घर, जेवण, पाऊस, चिखल, आजी-आजोबा. सगळा रोजचा शब्दसंग्रह. फक्त एक बघा: तिचं स्पॅनिश डबिंग स्पेनचं वेगळं आणि लॅटिन अमेरिकेचं वेगळं आहे. उच्चारही बदलतात, 'तुम्ही'चं रूपही. क्लासमध्ये जे शिकवतात तेच निवडा, निदान सुरुवातीला.

सबटायटल्स ठेवायचीच तर स्पॅनिश ठेवा. इंग्रजी ठेवलीत तर वाचता येणारं पोर नुसतं वाचत बसतं, कान बंद. यूट्यूबवर वेग ०.७५ करता येतो, पण गाणी मात्र मूळ वेगातच ऐकवा, नाहीतर फार रडकी वाटतात.