फियाट पॅलिओ १.६ घरीच दुरुस्त करून रस्त्यावर आणायचीय, ८०,००० मध्ये काय काय होईल? (ठाणे)

कोलशेतकर:
नमस्कार मंडळी. मामाची २००३ ची पॅलिओ १.६ जीटीएक्स माझ्याकडे आलीय. एमएच-०४ पासिंग, पावसाळेच्या पावसाळे पार्किंगमध्ये नुसती उभी होती. स्टार्ट होते, पण गरम झाली की आयडलिंग (जागेवर चालू असतानाचा इंजिनचा वेग) वरखाली होतं, ब्रेक पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली जातं, एसी बंद. शनिवार-रविवार स्वतः काम करणार. पाने-पक्कड आहे, आजवर हात फक्त बाइकवर चाललाय. बजेट ८०,०००, वर एक रुपया नाही (घरी तह झालाय). पिकअप थोडा वाढवता आला तर सोन्याहून पिवळं. सुरुवात कुठून करू? पार्ट कुठे मिळतील?

टर्बो_तात्या:
१.६!! १०० बीएचपी, त्या काळी एवढ्याशा गाडीत कोण देत होतं? माझ्याकडे पॅलिओचीच एस-टेन होती, तेंडुलकरची सही असलेली. घोडबंदर रोड तेव्हा मोकळा असायचा, काय सांगू. असो. ८० मध्ये काही होत नाही, सरळ ३ लाख काढ. ईसीयू रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं), हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणारे पाइप), फ्री-फ्लो एक्झॉस्ट (धूर कमी अडवणारा सायलेन्सर), कोन फिल्टर (उघडा एअर फिल्टर). आणि एसी काढूनच टाक, तेवढंच वजन कमी.

वागळे_लेथ:
तात्या, त्याचा ब्रेक लागत नाही आणि तुम्ही हेडर लावताय.
कोलशेतकर, आधी टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा इंजिनचा रबरी पट्टा. किलोमीटर बघू नका, वय बघा. उभ्या गाडीचंही रबर सुकतं. हे १६ व्हॉल्व्हचं इंजिन आहे, चालत्या गाडीत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो, मग हेड उतरवा. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि वॉटर पंप त्याच वेळी बदला, मजुरी तीच. पण हे काम घरी नको, कॅम लॉक करायचं टूल लागतं. एक दात इकडचा तिकडे झाला तरी गेलं.
ब्रेक मात्र घरी होईल. ब्रेक ऑइलची लेव्हल कमी होतेय का बघा. होत असेल तर मागचे ड्रम काढा, व्हील सिलिंडरचं (चाकातला ब्रेक दाबणारा छोटा सिलिंडर) रबरी बूट स्क्रू ड्रायव्हरने अलगद उचला. आत ओलं दिसलं तर सिलिंडर गेला. सगळं कोरडं आणि लेव्हलही जागच्या जागी, तर पेडलला जोडलेला मास्टर सिलिंडर गेला. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे जुनं सगळं काढून नवीन डॉट-४ भरा.

वाशी_व्हीटेक:
विकून टाक रे. मी होंडा सिटी व्हीटेक घेतली, १.५ लिटरमध्ये १०६ बीएचपी, पार्ट कोपऱ्यावर मिळतात. फियाटवाल्यांचं आयुष्य पार्ट शोधण्यात जातं.

टर्बो_तात्या:
सिटीला स्टिअरिंग फील आहे का पण?

वाशी_व्हीटेक:
पामबीच रोडवर या एकदा, फील दाखवतो.

ऐरोली_अप्पा:
भांडू नका. पार्टचं सांगतो. नवीन हवे तर ऑपेरा हाउस, जुने हवे तर कुर्ला, सीएसटी रोड. गाडी कुर्ल्याच्याच कारखान्यातली, माहेरी गेल्यासारखं होईल. जुना पार्ट पिशवीत घालून न्या, नंबर जुळवूनच पैसे द्या. पॅलिओ १.२ चा माल '१.६ ला पण बसतो साहेब' म्हणून गळ्यात मारतात. मला मारलाय.

खारघर_रायडर:
हे सगळं ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मुळे होतंय. जुन्या गाड्या मारायला काढलेलं पेट्रोल आहे.

ऐरोली_अप्पा:
गाडी उभी होती हो, कुठलं ई-२०? टाकीत जुनं पेट्रोल सडलंय, तळाला गंजही असेल. टाकी रिकामी करा, फिल्टर बदला. पेट्रोलच्या रबरी नळ्या मात्र नवीन टाका, इथेनॉल जुनं रबर खातं, तेवढं खरं. आयडलिंगसाठी थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ करा, व्हॅक्यूमच्या नळ्या बघा. चिरलेल्या ठिकाणी बारीक सुसकारा ऐकू येतो.

कळव्याचा_बंड्या:
दादा माझ्याकडे स्विफ्टचे १५ इंची अलॉय आहेत, टायरसकट देतो. लुक एकदम बदलेल.

वागळे_लेथ:
बसणार नाहीत. मारुतीचं पीसीडी (चाकाच्या बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास) १००, फियाटचं ९८. दोन मिलिमीटर म्हणून लोक बोल्ट ठासून लावतात आणि मग हायवेला स्टिअरिंग का थरथरतं विचारत येतात.

कळव्याचा_बंड्या:
माझ्या मित्राने लावलेत, काही होत नाही.

नौपाडा_नाना:
वरचं सगळं वाचलं नाही, पण टायमिंग बेल्ट आधी बदला. आणि फ्री-फ्लोच्या भानगडीत पडू नका, कंपनीच्या मूळ रचनेत बदल केला तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. २००३ ची गाडी म्हणजे २०२८ ला परत रजिस्ट्रेशन रिन्यू. २० वर्षांवरच्या गाडीची फी २०२५ मध्ये १०,००० केलीय, ती बाजूला ठेवा. शिवाय फिटनेसला आवाज आणि धूर बघतात. आमच्या सोसायटीत तर पार्किंगमध्ये ऑइल सांडलं म्हणून नोटीस आली होती, सेक्रेटरी स्वतः दुचाकी गेटमध्ये लावतो ते चालतं.

खारघर_रायडर:
कोन फिल्टर तरी लाव. मी जॅकवर गाडी उचलून खालून सगळं काम केलंय, गॅरेजची गरज नाही.

वागळे_लेथ:
नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका! स्टँड घ्या, आणि लावल्यावर गाडी हलवून बघा. कोन फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो, आवाज वाढतो, पिकअप नाही. पिकअप हवा तर आधी कॉम्प्रेशन (इंजिनच्या सिलिंडरमधला दाब) तपासून घ्या. चारही सिलिंडर सारखे आले तर इंजिनाला हात लावू नका. नवे प्लग, साफ इंजेक्टर, टायरमध्ये बरोबर हवा. २० वर्षांत हरवलेली ताकद आधी परत आणा, वाढवायचं मग बघू.

कोलशेतकर:
आभारी आहे सगळ्यांचा. अपडेट देतो. मागच्या उजव्या ड्रमचं बूट उचललं तर आत ओलंचिंब. दोन्ही बाजूंचे सिलिंडर बदलले, बायकोने पेडल मारलं, मी हवा काढली, ब्रेक आता वर लागतो. थ्रॉटल बॉडीत काळा चिखल होता, साफ केल्यावर आयडलिंग स्थिर झालं. टाकी, नळ्या, फिल्टर झालं. कॉम्प्रेशन चारही सारखं.
उरलेले पैसे एसीत घातले. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, पाइप, गॅस. तुम्ही ओरडणार माहीत आहे, पण मे महिन्यात एसीशिवाय घरचं कुणी तिच्यात पाय ठेवणार नाही, आणि एकट्याने फिरवायला गाडी कशाला? टायमिंग बेल्ट गणपतीनंतर. तोवर माजिवड्याच्या पुढे नेणार नाही.

वागळे_लेथ:
बेल्ट माजिवड्याच्या अलीकडेही तुटतो.

नौपाडा_नाना:
मी म्हटलं होतं, बेल्ट आधी.

टर्बो_तात्या:
एसी लावलास! गेला पिकअप. माझा हेडर पडून आहे, १८,००० ला देतो, बोल.