‘टॅकल’ला मराठीत काय म्हणावं? पकड, रोखणे, की आपटणे?

तापीकाठ (शहादा): शाळकरी मुलांसाठी रग्बी लीग (ही स्पर्धा नव्हे, रग्बीचाच एक प्रकार) या खेळाच्या शिस्तीच्या नियमांचं मराठी करतोय. ‘टॅकल’ला मी ‘पकड’ लिहिलं. तपासणाऱ्या सरांनी खोडून ‘रोखणे’ केलं, कारण म्हणे पकड फक्त कबड्डीत. पण या खेळात चेंडूवाल्याला नुसतं रोखत नाहीत, धरून पाडतात. सहा टॅकल पूर्ण झाले की चेंडू समोरच्यांना द्यावा लागतो. सहाव्या ‘रोखण्या’नंतर असं कसं लिहू?

खरी अडचण पुढेच आहे. डोक्या-मानेवरच्या टॅकलमध्ये दोष किती, हे पाहताना तीन पायऱ्या मोजतात: लक्ष नव्हतं, पर्वा नव्हती, मुद्दाम केलं. पहिल्या दोन्हींना मराठीत ‘निष्काळजी’च येतंय.

हुतूतू (एरंडोल): पकडच ठेवा. आमच्या मैदानावर घोट्याची पकड होती, मांडीची होती, आणि पायांची कैची घातली की सर थेट बाहेर बसवायचे. आता कबड्डीत पिवळं कार्ड मिळालं की दोन मिनिटं बाहेर, रग्बी लीगमध्ये दहा. हा फरक मुलांना लगेच कळेल. ‘रोखणे’ म्हटलं की मला रास्ता रोको आठवतो.

लाल माती (चोपडा): टॅकलमध्ये समोरच्याला उचलून डोक्यावर पाडण्याला ‘धोबीपछाड’ म्हणा. तयार शब्द आहे.

हुतूतू: नको हो. धोबीपछाड हा कुस्तीतला मान्य डाव आहे. त्यात समोरच्याला पाठीवर चीत करायचं असतं, मान मोडायची नसते. ज्या कृतीसाठी खेळाडूवर बंदी येते तिला डावाचं नाव दिलं तर मुलं ती शिकायला मागतील.

तापीकाठ: हे पटलं. 2014 च्या मार्चमध्ये मेलबर्नला न्यूकॅसल नाइट्स या रग्बी लीग संघाच्या ॲलेक्स मॅकिननला तिघांनी धरलं, तो उचलला गेला आणि डोक्यावर पडला. मानेचे मणके मोडले, खेळणं कायमचं संपलं. त्या तिघांतल्या जॉर्डन मॅकलीनवर सात सामन्यांची बंदी आली. त्याने मुद्दाम केलं असं कोणी म्हणत नव्हतं, तरी शिक्षा झाली. म्हणूनच मला मधला शब्द नेमका हवाय.

नोंदवही (धुळे): शब्द आहेत, रोज टाइप करते मी. अपघाताच्या फिर्यादीत ‘हयगयीने व अविचाराने’ असं जोडीनेच येतं. हयगय म्हणजे जी काळजी घ्यायला हवी ती न घेणं. अविचार किंवा बेदरकारपणा म्हणजे धोका दिसत असून पुढे जाणं. तुमच्या पहिल्या दोन पायऱ्या याच. ‘निष्काळजी’ दोन्हींना लावलं तर न्याय होत नाही.

शुद्धलेखनी (जळगाव): ‘बेदरकार’ फारसी आहे. मुलांच्या पुस्तकात ‘अविचारी’ पुरे.

नोंदवही: मग ‘दरकार’ही काढा, ‘फिर्याद’ही काढा. माझ्या कोर्टात काय उरेल?

लाल माती: हयगयची व्युत्पत्ती मला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात एका वृद्ध गृहस्थांनी सांगितली होती. हय म्हणजे घोडा, गय म्हणजे गज. हत्ती-घोडे मोकाट सोडले ती हयगय.

शुद्धलेखनी: ऐकायला छान, पण पुरावा? ‘गय करणे’ म्हणजे सोडून देणे, त्यातली गय असेल. ‘कुणाचीही गय केली जाणार नाही’ हे रोजच्या पेपरात असतं.

लाल माती: मग ‘हय’ कुठून आला ते सांगा.

केळीबाग (सावदा): इतक्या लांब कशाला जाता? आमच्याकडे ‘पटकणे’ आहे. गाडी भरताना हमालाला सांगतात, घड पटकू नको. त्याला राग नसतो, वजन झेपत नाही म्हणून सुटतो. रागाने टाकला तर ‘आपटला’. म्हणजे हयगयीने पटकलं, मुद्दाम आपटलं. मॅकिननला पटकलं गेलं.

शुद्धलेखनी: पटकणे हिंदी.

केळीबाग: माझ्या आजीला हिंदीचा एक शब्द येत नव्हता. तिच्या तोंडी पटकणेच होतं.

नोंदवही: आमच्या अहिराणीत बरोबर उलटं आहे. ‘त्यानी त्याले पटकी दिधं’ म्हटलं की भांडण झालं असं समजायचं. आपोआप हातातून सुटलं तर असं कोणी म्हणत नाही.

केळीबाग: तुमच्याकडे भांडणातच घड उतरवत असतील. रावेर-यावलला विचारा.

तापीकाठ: सरांना उद्या मजकूर द्यायचाय. ‘पकड’ ठेवू की ‘टॅकल’च लिहू?

नोंदवही: आधी ‘पटकणे’चं ठरू द्या. शिरपूरचं कुणी आहे का इथे? तिकडे कसं म्हणतात?