वादळात मोडलेल्या झाडांना सावरण्यासाठी काय करावे?

प्रश्न (नेरूळ) :
गेल्या आठवड्यातील वादळी पावसात आमच्या सोसायटीच्या आवारातील जुन्या गुलमोहराची एक मोठी फांदी मोडली, तिच्यासोबत खोडाची सालही हातभर सोलून निघाली आणि शेजारचा कोवळा बहावा मुळांसकट कलला. बहावा काढून टाकावा आणि गुलमोहर वरून बोडका करून घ्यावा, असे काही सभासदांचे मत आहे. ही झाडे वाचतील का?

प्रतिसाद १ (पाचपाखाडी, ठाणे) :
गुलमोहराचा निम्म्याहून अधिक पर्णसंभार शाबूत असेल, खोड उभे चिरले नसेल आणि बुंध्याजवळची माती उचलली गेली नसेल, तर झाड बहुधा सावरते. ते बोडके मात्र कृपया करू देऊ नका. पानेच नसतील तर झाड अन्न कशाने तयार करणार? शिवाय कापलेल्या टोकांवर फुटणारे धुमारे वरवरच जोडलेले असतात आणि पुढे जड झाले की वाऱ्यात तेच आधी मोडतात.

मोडक्या फांदीचा उरलेला खुंट कापताना आधी खोडापासून फूटभर अंतरावर खालून अर्धवट काप घ्यावा, मग त्याच्या किंचित पुढे वरून कापून वजन उतरवावे, म्हणजे साल आणखी सोलत जात नाही. शेवटचा काप फांदीच्या मुळाशी दिसणाऱ्या फुगीर कड्याच्या लगेच बाहेर घ्यावा, कारण जखम झाकणारी नवी साल त्या कड्यातूनच वाढते. लोंबणारी साल धारदार सुरीने घट्ट चिकटलेल्या भागापर्यंत साफ करावी.

प्रश्नकर्ता :
मनःपूर्वक आभार. जखमेवर डांबर लावावे का? आणि बहाव्याचे काय करावे?

प्रतिसाद २ (वाशी) :
डांबर किंवा ऑइलपेंट लावू नये. त्याखाली ओल कोंडते आणि लाकूड कुजू लागते. बहावा मुळे ओली आहेत तोवरच सरळ करावा. उघड्या मुळांखालची माती थोडी खणून ती आत बसवावीत, दोन बांबू रोवून सायकलच्या जुन्या ट्यूबने झाड सैलसर बांधावे आणि वर्षभराने बांधणी आठवणीने सोडावी. या हंगामात युरिया देऊ नये. आळ्यात पालापाचोळा पसरावा, पण तो खोडाला टेकू देऊ नये. बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक असतील तर ते काढून घ्यावेत.

प्रतिसाद ३ (ठाणे) :
झाड तोडण्याचा निर्णय समितीला स्वतःहून घेता येत नाही. 1975 च्या राज्य कायद्यानुसार त्यासाठी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. गुलमोहराच्या बुंध्याशी बुरशीच्या कडक, तपकिरी छत्र्या दिसत असतील तर मुळे आतून कुजत असण्याची शक्यता आहे. तेव्हा छाटणीच्या आधी तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी.