हेल्मेट न घालणारे बाबा मास्क मात्र इमानदारीत कसे काय लावत होते?

सदाशिवपेठी_८४:
बरेच दिवस डोक्यात आहे म्हणून विचारतोय. आमचे बाबा हेल्मेट विषय निघाला की भांडायला उठतात, पण २०२० मध्ये मास्कशिवाय दूध आणायलासुद्धा खाली गेले नाहीत. आणि सख्खा काका, तोच वाडा, तोच पेपर, तेच व्हॉट्सॲप ग्रुप, त्याचा मास्क कायम हनुवटीवर. माहिती दोघांना सारखीच मग फरक कशाने पडतो?

स्कार्फवाली:
माहितीने काही होत नाही हो, सवय आधीपासून असावी लागते. आम्ही मुली पुण्यात गाडीवर तोंडाला स्कार्फ बांधूनच फिरतो, त्यामुळे ऑगस्ट २००९ ला स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू इथे झाला आणि मास्क मिळेनासे झाले तेव्हा आम्हाला वेगळं काही करावंच लागलं नाही. हात धुणं मात्र मला दोन महिन्यांत सुटलं, खरं सांगते.

कात्रज_बोगदा:
दंड. ५०० ची पावती. चौकात पोलीस दिसले की मास्क वर, पुढे गेलं की खाली. बाकी सगळं पुस्तकी.

जुनं_पुणं:
@कात्रज_बोगदा दंडाने मास्क नाकावर येतो, मनात नाही येत. १८९७ चा प्लेग बघा. इंग्रज अधिकारी रँडच्या प्लेग कमिटीचे सोल्जर घरात घुसून तपासणी करायचे, तर लोक पेशंटच लपवायला लागले, आणि पुढे २२ जूनला गणेशखिंड रोडवर चाफेकरांनी रँडला गोळी घातली ते सगळ्यांना माहितीये. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचा मुलगा डॉ. यशवंतरावांनी गावाबाहेर दवाखाना काढला होता, तिथे बाई स्वतः पेशंट आणायच्या, त्यातच १० मार्चला गेल्या. साथ तीच, गाव तेच. सांगणारा आपला वाटतो का परका, मला तरी सगळं तिथेच अडतं असं वाटतं. तुमच्या काकांना मास्क लावा म्हणून कोण सांगत होतं?

सदाशिवपेठी_८४:
काकाला काकू सांगायची 😄 त्यामुळे तुमचा मुद्दा पटतोय.

स्कार्फवाली:
आणि आजूबाजूचे काय करतात तेही बघा की. आमच्या किराणावाल्याने दुकानासमोर चुन्याने गोल आखले होते, पहिले चार जण गोलात उभे राहिले की पाचवा न सांगता उभा राहायचा. तोच माणूस मंडईत गेला की खेटून उभा.

सदाशिवपेठी_८४:
अपडेट. आत्ता बाबांनाच विचारलं. म्हणे कोरोनाचं सोड रे, मास्क लावला की सिंहगड रोडच्या धुळीने येणाऱ्या शिंका थांबल्या, दहा वर्षांत पहिल्यांदा. अजून लावतात. हेल्मेट डिकीत आहे.

कात्रज_बोगदा:
हेल्मेटने शिंका थांबतात अशी पुडी सोडून बघा 🙏