प्रति: श्रीमंतांचे शोभेचे कुत्रे

वर कोणीतरी म्हटलंय की एकोणिसाव्या शतकातल्या चित्रांत कुत्रा म्हणजे श्रीमंतांच्या पायाशी बसवलेली शोभेची वस्तू. इंग्रज चित्रकार लँडसीअरने काढलेल्या राणी व्हिक्टोरियाच्या कुत्र्यांपुरतं मान्य, पण त्याचंच १८३७ चं म्हाताऱ्या मेंढपाळाच्या मृत्यूचं चित्र बघा की. अंधारी खोली, साधी शवपेटी, तिच्यावर घोंगडी आणि त्या घोंगडीवर हनुवटी टेकलेला कुत्रा. स्टुलावर म्हाताऱ्याचं बायबल नि चष्मा, जमिनीवर टोपी नि काठी, आणि अख्ख्या चित्रात माणूस एकही नाही! कुत्र्याच्या पंजांनी घोंगडी ओढली गेलीय ते नीट बघा, मला तरी तिथेच गलबलतं.

आणि एचएमव्ही या रेकॉर्ड कंपनीच्या चिन्हातला, भोंग्यासमोर बसलेला कुत्रा कसा कुणाला आठवला नाही? आपल्याकडे घरोघरी रेकॉर्डवर असायचा तो, मला लहानपणी वाटायचं कंपनीने जाहिरातीसाठीच काढून घेतलाय. तर ते मुळात १८९८ चं तैलचित्र, फ्रान्सिस बॅरॉड या चित्रकाराचं. चित्रातला निपर हा त्याच्या भावाचा कुत्रा, भाऊ १८८७ मध्ये गेला आणि कुत्रा याच्याकडे आला. चित्र काढलं तेव्हा निपरलाही जाऊन तीन वर्षं झाली होती, म्हणजे सगळं आठवणीतलंच. आधी त्यात एडिसनवाला सिलिंडरचा फोनोग्राफ (तबकडीऐवजी नळकांड्यावरचा आवाज वाजवणारं मशीन) होता, ग्रामोफोन कंपनी (एचएमव्हीवाली) म्हणाली त्याजागी आमचं तबकडीचं मशीन दाखवा मग घेतो, म्हणून १८९९ मध्ये त्याच्यावरच रंग चढवून ग्रामोफोन काढला. १०० पौंड मिळाले, ५० चित्राचे नि ५० हक्कांचे. (या चित्रात निपर मालकाच्या शवपेटीवर बसलाय वगैरे फॉरवर्ड फिरतात, ते सोडून द्या.)