कथाप्रधान खेळात हात कोणाचा?

तापीकाठ (जळगाव):
काल येथे एका सदस्याने लिहिले की, कथाप्रधान व्हिडिओ गेम म्हणजे अधूनमधून बटणे दाबायला लावणारा चित्रपट असतो आणि त्यातला अंधार, धुके व गंभीर संगीत काढून घेतले तर हाती काहीही उरत नाही. हे वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

'रेड डेड रिडेम्प्शन २' (२०१८) घ्या. काळ १८९९ सालचा आणि नायक आर्थर मॉर्गन हा दरोडेखोरांच्या टोळीतला. टोळीतला एक माणूस नडलेल्या लोकांना व्याजाने पैसे देतो आणि वसुलीला आर्थरला धाडतो. थॉमस डाउन्स नावाचा आजारी शेतकरी आपल्या शेतात काम करत असतो. आर्थर त्याला धरतो आणि ठोसा मारण्याचे बटण आपल्याला दाबावे लागते. डाउन्स खोकतो, त्याच्या तोंडातले रक्त आर्थरच्या चेहऱ्यावर उडते आणि घरातून त्याची बायको ओरडत धावत येते. मी हे मे महिन्यात, भरदुपारी खेळत होतो. संवाद नीट ऐकू यावेत म्हणून कूलर बंद केला होता, आणि त्या घामाघूम खोलीत मला केवळ तो खोकला ऐकू येत होता.

पुढे कितीतरी तासांच्या खेळानंतर आर्थर भर रस्त्यात कोसळतो. डॉक्टर क्षयाचे निदान करतो आणि विश्रांती घे, कोरड्या, उबदार हवेत जा, एवढेच सांगतो. रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू १८८२ सालीच शोधला होता, पण गुणकारी औषध यायला १९४० चे दशक उजाडावे लागले. म्हणजे आर्थरला सुटका नाही. आजार कुठून आला हे मला डॉक्टरच्या आधी कळले होते, कारण मारणारा हात माझा होता. चित्रपटाने मला अनेकदा रडवले आहे, पण अपराधी कधी केलेले नाही.

रावेरकर:
कालचे मत माझेच होते आणि ते मी मागे घेत नाही. आपण वर्णन छान केले, परंतु मुद्दा निसटला. डाउन्सला न मारण्याची मुभा खेळ देतो का? देत नाही. मारल्याशिवाय कथा पुढे सरकत नसेल तर तो हात आपला कसा? तो लेखकाचा हात आहे आणि आपले बोट त्याने उसने घेतले आहे. आमच्याकडे जत्रेत वग रात्रभर चाले. हजार माणसे एकत्र बसून ती गोष्ट पाहत आणि दुसऱ्या दिवशी शेतात तिच्यावर वाद घालत. दार लावून, कानांना हेडफोन लावून एकट्याने भोगलेल्या दुःखाचे मोल त्याच्या बरोबरीचे आहे, हे मला पटत नाही. माझ्या पुतण्याने बारावीच्या वर्षी असेच दार लावून घेतले होते आणि त्याचा निकाल घरादाराने भोगला.

तापीकाठ (जळगाव):
पुतण्याच्या निकालाचे खापर कथेवर फोडू नका. या खेळाची मुख्य कथाच सुमारे ५० तासांची आहे आणि परीक्षेच्या वर्षी ती हाती घेऊ नये, एवढे मान्य करतो. त्यापलीकडे काही नाही. मुभा नसणे हेच तर मर्म आहे. 'द लास्ट ऑफ अस' (२०१३) या खेळाच्या शेवटी, रुग्णालयात, जोएलपुढे एक शल्यचिकित्सक उभा राहतो. त्याला मारल्याशिवाय खेळ पुढे जात नाही. मी कंट्रोलर मांडीवर ठेवून बराच वेळ तसाच बसलो होतो, आणि पडद्यावर जोएलही तसाच उभा होता. चित्रपट माझ्यासाठी असा ताटकळत नाही.

भुसावळकर:
आपण दोघेही मूळ अडचण टाळत आहात. हे सगळे घडते इंग्रजीत. 'रेड डेड रिडेम्प्शन २'ला पोलिश व कोरियन उपशीर्षके आहेत, पण मराठीच काय, हिंदीही नाहीत. आमच्या चाळीतली मुले संवाद वगळून थेट गोळीबारापाशी जातात, आणि मग आपण म्हणतो की मुलांना हिंसा आवडते. पुण्यात तयार झालेला 'राजी' (२०२०) हा खेळ आला तेव्हा त्यातली पात्रेही इंग्रजीच बोलत होती. मराठी उपशीर्षके मिळेपर्यंत हा वाद ज्यांना इंग्रजी येते त्यांच्यापुरताच आहे.

साक्रीची ताई:
मराठी म्हणजे कोणती मराठी, भाऊ? आर्थर रांगडा गडी आहे. त्याच्या तोंडी "आपण कृपया देय रक्कम अदा करावी" असले वाक्य घातले तर तो जागीच मरेल. त्याला अहिराणी द्या.

भुसावळकर:
ताई, अहिराणी घरात गोड वाटते, पण लिहिताना दर दहा कोसांवर तिचे रूप बदलते. उपशीर्षक दोन क्षण दिसते. तेवढ्यात ते वाचणार कोण?

साक्रीची ताई:
हेच वाक्य मी शिक्षिका म्हणून वीस वर्षे ऐकत आले आहे, आणि आता ते ऐकून घेणार नाही. वर्गात अहिराणी बोलले म्हणून छडी खाल्लेली मुले मी पाहिली आहेत. त्यांना ती वाचता येत नसेल तर दोष भाषेचा नाही. माझ्या घरातले सांगते. मुलगा हाच खेळ खेळत होता आणि सासूबाई मागे खाटेवर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांना इंग्रजीचा एक शब्द येत नाही. डाउन्सला ठोसे बसू लागले तशा त्या म्हणाल्या, "काबरं मारी राहिना रे त्याले?" मुलाने खेळ थांबवला आणि कर्ज, व्याज, टोळी हे सारे त्यांना अहिराणीत समजावले. त्या रात्री त्या जेवताना त्या शेतकऱ्याच्या बायकोविषयीच विचारत होत्या. तिचे पुढे काय होते, हे सांगताना मुलाचा आवाज अडखळला.

रावेरकर:
ताईंनी माझाच मुद्दा सिद्ध केला. आजींनी एकही बटण दाबले नाही, तरी गोष्ट त्यांना भिडली.

तापीकाठ (जळगाव):
आजींना दया आली, हे खरे. पण "का मारतोस" हा प्रश्न त्यांनी नातवाला विचारला, पडद्याला नाही. बटणाशिवायही गोष्ट भिडते, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. परंतु उत्तर देण्याची पाळी ज्याच्यावर आली, तो खेळणाराच होता.

रावेरकर:
आता खरे कारण सांगतो. सावकारीच्या नियमनाचा २०१४ चा कायदा यायच्या कितीतरी आधी आमची दोन एकर केळीची जमीन सावकाराकडे अडकली होती. वसुलीला येणारा माणूस वडिलांना अंगणातच अरेतुरे करी आणि आई दाराआड उभी असे. पुतण्याच्या खोलीत मी हाच प्रसंग पाहिला आणि उठून बाहेर आलो. मला ते बटण दाबता आले नसते.

तापीकाठ (जळगाव):
नाना, हे ठाऊक असते तर मी त्या प्रसंगाचे वर्णन इतक्या उत्साहाने केले नसते. तरीही सांगतो, ते बटण न दाबता खेळ तिथेच बंद करणे आपल्या हाती असते. आपण उठून गेल्याने चित्रपटातला मार थांबत नाही, येथे थांबतो.

रावेरकर:
मी बाहेर आलो तेव्हा पुतण्याच्या हातात कंट्रोलर होता आणि मार चालूच होता. त्यामुळे आपले म्हणणे मला अजूनही पटलेले नाही.

साक्रीची ताई:
नाना, पुतण्याला त्या अंगणातली गोष्ट कोणी सांगितली होती का?

रावेरकर:
नाही. आमच्या घरात तो विषय कोणी काढत नाही.