किंबरलाइटच्या शोधात भूकंपीय सर्वेक्षण मागे का पडते?

प्रश्न
मुंबईजवळच्या समुद्रातील तेलक्षेत्रांच्या भूकंपीय नोंदींवर मी काही वर्षे काम केले असून सध्या कॅनडातील हिऱ्यांच्या, म्हणजेच हिरे खोलवरून वर आणणाऱ्या किंबरलाइट या ज्वालामुखीजन्य खडकाच्या, शोधाविषयी वाचत आहे. तेथे भर दिसतो तो विमानातून केलेल्या चुंबकीय सर्वेक्षणावर आणि हिमनद्यांनी पसरवलेल्या गाळातील पायरोप गार्नेटसारख्या (एक लाल खनिज) सूचक खनिजांवर, म्हणजे जवळपास किंबरलाइट असल्याची खूण देणाऱ्या खनिजांवर. तेलाच्या शोधात जिच्यावाचून पान हलत नाही, ती जमिनीत कंपनलहरी सोडून त्यांचे परावर्तन नोंदवण्याची भूकंपीय पद्धत येथे दुय्यम का ठरते?

उत्तर १
अडचण आकाराची आहे. आपण अभ्यासलेले थर बहुतांशी आडवे असल्यामुळे वरून सोडलेली लहर त्यांच्यावर आपटून पुन्हा वर येते. किंबरलाइटची नळी मात्र गाजरासारखी खाली निमुळती होत गेलेली असते आणि तिच्या उभ्या भिंतींवरून परतलेली लहर जिओफोनपर्यंत (जमिनीवर ठेवलेल्या कंपन टिपणाऱ्या उपकरणापर्यंत) सहसा पोहोचतच नाही. शिवाय काहीशे मीटर रुंदीच्या नळीसाठी विस्तीर्ण प्रदेशात जिओफोन अंथरण्यापेक्षा विमान फिरवणे पुष्कळ स्वस्त पडते.

उत्तर २
हे नळ्यांपुरते बरोबर आहे, परंतु सगळा किंबरलाइट उभा नसतो. कॅनडाच्या वायव्य प्रदेशातील स्नॅप लेक येथे तो सुमारे अडीच मीटर जाडीच्या, मंद उताराने सरोवराखाली गेलेल्या भित्तीच्या (डाइक, म्हणजे फटीत शिरून थिजलेल्या खडकाच्या पातळ पट्ट्याच्या) रूपात आहे. ग्रॅनाइटी खडकात लहरीचा वेग सेकंदाला ६ किलोमीटर धरला, तर २०० हर्ट्‌झच्या लहरीची लांबी ३० मीटर येते. एवढ्या पातळ भित्तीचे वरचे आणि खालचे पृष्ठ त्या लहरीला वेगवेगळे दिसणे शक्य नाही. तरीही किंबरलाइटमधील वेग आणि त्याची घनता, दोन्ही कमी असल्यामुळे परावर्तन ठळक मिळते, आणि तेथील प्रायोगिक सर्वेक्षणात ही भित्ती खरोखरच टिपली गेली. माझ्या मते या पद्धतीचे सामर्थ्य दाखवणारे याहून चांगले उदाहरण नाही.
सस्कॅचेवानमधील फोर्ट आ ला कॉर्न येथेही, हिमनद्यांच्या सुमारे १०० मीटर गाळाखाली क्रिटेशस थरांमध्ये (डायनासोरांच्या युगाच्या अखेरच्या कालखंडातील थरांमध्ये) पसरलेल्या रुंद किंबरलाइटच्या कडा आणि जाडी ठरवण्यास ही पद्धत उपयोगी पडली.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. या नोंदींवरून खडकात हिरे आहेत की नाहीत, याचा काही अंदाज बांधता येतो का?

उत्तर २
नाही. भूकंपीय नोंद खडकाची सीमा दाखवते. बहुसंख्य किंबरलाइटमध्ये खाणीस परवडतील इतके हिरे नसतात, त्यामुळे छिद्रण करून नमुने काढावेच लागतात आणि त्यांतील सूक्ष्म हिरे मोजावे लागतात. मात्र छिद्रे नेमकी कोठे घ्यावीत हे आधी कळले, तर वाया जाणारी छिद्रे पुष्कळ कमी होतात.